मराठीच्या वर्गात माओरी

तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दिल्लीतले मराठी व्याकरण एकदा बुडता बुडता वाचले, आणि त्याला काठावर ओढणारा हात पुण्याचा नव्हता. तो न्यूझीलंडचा होता. कृपया हसू नये. मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि वर्गात सतरंज्या घालायचं खातं माझ्याकडे होतं.

करोल बागेतल्या आमच्या मराठी मंडळात, स्टेजमागच्या खोलीत, आई दर रविवारी मुलांना मराठी शिकवायची. मुलं सरकारी नोकरदारांची, दिल्लीतच वाढलेली. ‘बाई म्हणा’ असं कितीही सांगितलं तरी तिला ‘आँटी’च म्हणायची. स्वर, व्यंजन, क्रियापद हे शब्द कानावर पडले की त्यांच्या डोळ्यांवर झापड यायची. शेवटी समितीने ठरवलं, गणपतीत मुलांनी स्टेजवर काही करून दाखवलं तर वर्ग राहील, नाहीतर त्या खोलीत टेबल टेनिस. त्या दिवशी आई घरी आली ती थेट भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

त्याच आठवड्यात मावशी न्यूझीलंडहून परतली. तिच्या यजमानांची तिकडची नेमणूक संपली होती. तिने आईसाठी भिंतीवर लावायचा एक रंगीत तक्ता आणला होता. त्यावर भाषेविषयीचे माओरी शब्द होते आणि समोर त्यांचे इंग्रजी अर्थ.

“माओरी म्हणजे तिथल्या मूळ लोकांची भाषा. तू भाषा शिकवतेस ना, म्हणून तुला.”

“मेंढ्यांच्या देशातून आलीस आणि लोकर सोडून कागद आणलास?” बाबा म्हणाले.

“लोकरही आणलीय, भाऊजी. जरा धीर धरा!”

मग मावशीने एकेका शब्दाची फोड करून सांगितली. स्वर म्हणजे ‘ओरोपुआरे’, उघडा आवाज. व्यंजन म्हणजे ‘ओरोकाती’, बंद आवाज. क्रियापद ‘कुपुमाही’, कामाचा शब्द. आणि व्याकरण ‘वेतेरेओ’. गाठ सोडवावी तशी भाषा सोडवणं.

“अगं, आपलं व्याकरण म्हणजे तरी काय? उलगडून दाखवणंच की!” आई जवळजवळ ओरडली. “आणि मी इतकी वर्षं नुसत्या गाठी मारत बसले होते!”

पुढच्या रविवारी तिने तक्ता भिंतीवर लावून न्यूझीलंडचे ते शब्द मुलांना शिकवले आणि मावशीच्या लोकरीचा भला थोरला गुंता करून सतरंजीवर टाकला. बाबांचं स्वेटर तिथेच संपलं. मुलांनी एकेक धागा सोडवायचा आणि सोबत एकेक वाक्य. स्वराला सगळ्यांनी आ वासायचा, व्यंजनाला जीभ नाहीतर ओठ कुठे अडतात ते बोटाने दाखवायचं. सर्वांत मोठा आ आईचा असायचा. बाहेर क्रिकेट खेळणारी पोरं आधी खिडकीत आली, मग आत. आता करोल बागेत मेट्रोतून उतरताना घोषणा ऐकू येते, तेव्हा मी त्यातले उघडे आवाज शोधत राहतो, आणि मला तो आ दिसतो.

गणपतीत मुलं स्टेजवर उभी राहिली. विंगेत आई पदराचं टोक पिळत होती. मुलं दणक्यात ओरडली, “उघडा आवाज, ओरोपुआरे! बंद आवाज, ओरोकाती!” हे शब्द माओरी आहेत, हे सांगणारं पहिलं वाक्य मात्र ती गडबडीत विसरली.

पहिल्या रांगेत समिती. दिल्लीत मुरलेला मराठी माणूस काहीही कबूल करील, पण एखादा मराठी शब्द आपल्याला येत नाही, हे कधीच नाही.

“कोकणातला शब्द आहे, बिल्कुल,” खजिनदार कुजबुजले.

“छे यार, वऱ्हाडी!” सेक्रेटरी म्हणाले.

अध्यक्ष तर थेट माइकपाशी गेले. “अच्छा! ओरोपुआरे! किती वर्षांनी कानावर आला! आमच्या आजीच्या तोंडी सदैव हाच शब्द. असे अस्सल शब्द जपणारा वर्ग बंद करायचा? टेबल टेनिस गेलं खड्ड्यात! खोली बाईंचीच!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं सांगायला आईचं तोंड ओरोपुआरे झालं, ते मावशीने हात ठेवून ओरोकाती केलं. पण माइक चालूच होता, आणि त्याच्याजवळ उभी होती गाझियाबादहून येणारी, पुढचे दात पडलेली सर्वांत धाकटी विद्यार्थिनी. तिने अध्यक्षांकडे मोठ्या आदराने पाहिलं आणि विचारलं,

“काका, तुमची आजी न्यूझीलंडची होती?”