पायऱ्यांपाशी संपणारा रस्ता

घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ती ट्रकना वाट दाखवायचं काम करायची. प्रत्येक ट्रकमध्ये रस्ता सांगणारं एक यंत्र होतं. त्यात नकाशे आधीच भरलेले असत, म्हणजे नेटवर्क गेलं तरी काही अडायचं नाही. ते नकाशे ताजे ठेवायचे, कुठला ट्रक किती उंच नि किती रुंद हे यंत्राच्या कानावर घालायचं, आणि सकाळी कॉम्प्युटरवर ज्याचा त्याचा मार्ग आखून द्यायचा. चालक तिला वळणताई म्हणत.

स्वतः वळणताईला मात्र दिशांचं काडीचं भान नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडली की हमखास उलटीकडे चालू लागायची. नवरा म्हणायचा, "तुझ्या भरवशावर ट्रक निघतात, हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस हं!"

एकदा मिशाकाका, म्हणजे सगळ्यांत जुने चालक, यंत्र हातात घेऊन तणतणत आले. "ताई, या यंत्रातल्या बाईला जरा समजवा. आज परत मला पायऱ्यांवर चढवत होती."

वळणताईने नकाशा उघडला. "पण इथे सरळ टेकडीवर जाणारा रस्ता दिसतोय."

"दिसतोय ना? मग बसा ट्रकमध्ये."

बसली. गल्ली आत जाईल तशी अंग चोरत गेली. दोन्ही आरसे मिटावे लागले. बाल्कनीतल्या एका बाईने वाळत घातलेली चादर निमूटपणे वर ओढून घेतली. सवयीचं होतं तिला. आणि समोर खरंच दगडी पायऱ्या! मधल्या पायरीवर एक मांजर पसरलेलं.

तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. काळी अर्धी चड्डी घातलेले एक आजोबा धावत आले. "कोणी घाबरायचं नाही! येऊ द्या मागे... येऊ द्या... डावीकडे तोडा... बस्स!" बघता बघता ट्रक गल्लीबाहेर.

आजोबा फुटबॉलचे निवृत्त पंच निघाले. यंत्राने फसवलेला प्रत्येक ट्रक तेच मागे घ्यायचे. "मैदानावर माझी शिट्टी वाजली की शिव्या पडायच्या," ते हसत म्हणाले. "इथे लोक चक्क थँक्यू म्हणतात!"

"आता तुम्हाला त्रास नाही होणार," वळणताई म्हणाली. "मी आजच नकाशा दुरुस्त करते."

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. "करा, करा. करायलाच हवं," ते म्हणाले आणि शिट्टी खिशात टाकून घराकडे वळले.

ऑफिसात येऊन तिने तो रस्ता वाहनांसाठी बंद केला. दुसरा इलाजच नव्हता. एखाद दिवशी कुणाचं कपाट पायऱ्यांवरून गडगडत आलं असतं. नवा नकाशा एकेका यंत्रात भरताना मात्र तिला चुटपुट लागली. आपण कुणाच्या तरी खालची खुर्ची काढून घेतोय, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मालकीणबाईंपुढे उभी राहिली. "गोदामात ट्रक मागे घेताना रोज भिंतीला घासतात. माझ्या पाहण्यात एक माणूस आहे."

"वय काय?"

"विचारलं नाही. पण आवाज एकदम खणखणीत."

"बोलण्याचा?"

"शिट्टीचा."

मालकीणबाई हसल्या. "पाठव. बघू तरी."

आजोबा आले ते खिशात पिवळं कार्ड घेऊनच. पहिल्याच सकाळी फोनवर बोलत ट्रक मागे घेणाऱ्या मिशाकाकांच्या नाकासमोर त्यांनी ते नाचवलं. मिशाकाका दिवसभर फुगून बसले, पण दुसऱ्या दिवसापासून फोन खिशात गेला. भिंतीचे पोपडे पडायचे थांबले.

दुपारी आजोबा डबा घेऊन वळणताईच्या टेबलाशी बसू लागले. यंत्रांच्या वायरी बाजूला सारत एकदा म्हणाले, "तुमची ही यंत्रातली बाई पंच व्हायला हवी होती. स्वतः चुकली तरी आवाज तसूभर हलत नाही."

वळणताईला इतकं हसू आलं की हातातला घास तसाच राहिला.