मोठ्या आईच्या रक्तातल्या केशरी पेशी

वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आमची मोठी आई, अड्याळच्या बाजारात मासळी विकायची. तलावावरून जाळी आली की ओली टोपली डोक्यावर घेऊन ती पायीच निघे. त्या बाईला खोकल्यानं धरलं, तेव्हा मी भंडाऱ्याला कॉलेजात विज्ञान शिकत होते.

खोकला रात्रीचा वाढे आणि दम लागे. जवळच्या एका डॉक्टरनं टीबी सांगितला, इंजेक्शनं सुरू केली. त्यानं काहीच फरक पडेना. ती वाळत चालली. घरात तिचं ताट वेगळं झालं. ती पडवीत एकटी जेवायची. लेकरं जवळ आली तर हातानंच दूर सारायची.

शेवटी मी तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती. तिनं थुंकी पुन्हा तपासून घेतली; टीबीचे जंतू नव्हते. मग तिनं विचारलं, "तुमच्या गावात कुणाला हत्तीपाय आहे?"

"हाय ना जी. घरातच हाय," मोठी आई म्हणाली. तिच्या दिराला, म्हणजे माझ्या धाकट्या काकांना, तो होता.

डॉक्टरनं तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला, रंग चढवला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिली. मग खुर्चीवरून उठली नि आम्हा दोघींना बघायला बोलावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या या जातीची आकृती मी पुस्तकातून वहीत काढली होती. पुस्तकात एखादीच असलेली ती पेशी इथे जिकडे बघावं तिकडे होती, केशरी दाण्यांनी गच्च भरलेली.

"ह्या तुमच्याच अंगातल्या पेशी," डॉक्टर सांगू लागली. "डास चावला की हत्तीरोगाचे किडे अंगात शिरतात. एका पेशीनं गिळावा एवढा किडा लहान नसतो. म्हणून ह्या पुष्कळ जणी मिळून त्याला घेरतात आणि आपले दाणे त्याच्यावर ओततात. त्यानं किडा मरतो. पण हे सगळं तुमच्या फुफ्फुसात चाललंय, त्यामुळे फुफ्फुसही पोळतं. म्हणून खोकला."

मोठी आई डोळा लावून बघत राहिली. मग म्हणाली, "माया देराचा पाय सुजून खांबावानी झाला. डास त्यालेबी चावले. मग त्याले खोकला काहून नाही?"

डॉक्टर हसली. "चांगलं विचारलंत. किडा तोच, पण प्रत्येकाचं अंग वेगळं वागतं. काहींचं अंग त्याला निमूट राहू देतं, तो आत वाढत राहतो. तुमच्या अंगाला तो मुळीच खपत नाही. ते जरा जास्तच भांडतं."

"भांडखोर त मी हावोच," मोठी आई म्हणाली. कित्येक महिन्यांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि बजावलं, सुरुवातीला किडे मरताना ताप येईल, गोळ्या सोडायच्या नाहीत. ताप आलाच. सगळे म्हणाले, बंद कर. तिनं ऐकलं नाही. काही आठवड्यांत खोकला थांबला. पुन्हा तपासलेल्या रक्तात त्या पेशी शोधाव्या लागल्या. मला नवल वाटलं ते याचं, की शत्रू संपताच एवढी मोठी फौज आपली आपण ओसरली होती.

मोठी आई पुन्हा बाजारात बसू लागली. शेजारी भाजी विकणारी बाई सारखी खोकायची. दुकान दुसरीवर सोपवून मोठी आईच तिला एसटीनं भंडाऱ्याला घेऊन आली. मीही दवाखान्यात गेले. त्या बाईच्या थुंकीत खरोखरच टीबीचे जंतू निघाले. ती रडायला लागली.

मोठी आई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रडून कायले राहिली? रोग कोनता ते कळलं ना? आता औषध लागू पडन." आणि ती डॉक्टरकडे वळून विचारू लागली, की टीबीशी लढतात त्या पेशी कोणत्या, आणि त्या बघायला मिळतील का.