गाठ कोणी सांगायची

माझा आतेभाऊ हरेश्वर गेल्या महिन्यात बोईसरच्या एका खासगी रुग्णालयात वारला. फुप्फुसाचा आजार होता. त्याच संध्याकाळी मुरब्याला अंत्यसंस्कार झाले. पाठचा भाऊ जयवंत अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागून चालला. खांदा त्याने दिला नाही, कोणी मागितलाही नाही. दोघे भाऊ टाळेबंदीच्या आधीच्या हिवाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. गावाबाहेरच्या नातेवाइकांची समजूत अशी की घराच्या वाटणीवरून बिनसले असेल. घराची वाटणी कधीच झाली नव्हती. भांडणाचे मूळ होडीला पाण्याखालून ढकलणाऱ्या पंख्यात होते.

‘सागरलक्ष्मी’ दोघांची होती. इंजिनची होडी, पण हरेश्वरने वडिलांच्या वेळचे शीड उतरवले नव्हते. परतताना वारा पाठीशी असला की तो इंजिन बंद करून शीड चढवायचा. डिझेल वाचते हे तो लोकांना सांगायचा, पण खरे तर त्याला इंजिनचा आवाज थांबलेला आवडायचा. होडी शिडावर चालली की खालचा पंखा पाण्याच्या जोराने आपोआप फिरू लागतो. तो तसाच फिरू द्यावा की अडवावा, यावर दोघांचे कधी जमले नाही. हरेश्वर म्हणायचा, मोकळा सोडा, अडवलेला पंखा पाणी ओढतो. “घमेलं बांधून पोहून बघ एकदा, मंग कळंल.” जयवंत बोईसरच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होता, सुटीच्या दिवशी होडीवर यायचा. त्याचे म्हणणे, इंजिन बंद असताना गिअरमध्ये तेल फिरत नाही, पंखा फिरत राहिला तर आतले सगळे कोरडे घासते. “दादा, तुला पळायचं हाय, पण गिअर काय तुझा सासरा देनार हाय काय?” दोघांचेही खरे होते. पंखा मोकळा सोडला की होडी हलकी चालते, आणि त्यांच्या होडीतला गिअर तशाने खराब होतो, हेही खरे.

इंजिन बंद असताना तो गिअर पंख्याला धरून ठेवत नसे. म्हणून जयवंतने स्वतःचा उपाय काढला. होडीच्या तळावरच्या फळ्या उचलून, पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याला तो दोरीचा फास घालायचा आणि दुसरे टोक होडीच्या वाशाला बांधायचा. शेवटी दोघांत ठरले की सुकाणू ज्याच्या हाती, पंखा त्याच्या मताने. पाळी बदलताना सुकाणू सोडणाऱ्याने “गाठ हाय” किंवा “गाठ नाय” म्हणायचे, घेणाऱ्याने तेच परत म्हणायचे. कारण गाठ असताना इंजिन चालू करून गिअर टाकला तर काय होईल, हे दोघांनाही ठाऊक होते. काही वर्षे हे बिनबोभाट चालले. मासळी सुकत घालणाऱ्या बायका हरेश्वरच्या बायकोला, वसंतीला, विचारायच्या, “काय गं, आज गाठ की मोकळा?” वसंती म्हणायची, “त्या दोघांनाच एका दोरीत बांधा आनि द्या पाण्यात सोडून.” हरेश्वर हे ऐकून हसायचा. जयवंतही हसायचा.

टाळेबंदीच्या आधीच्या त्या हिवाळ्यात जयवंतला कारखान्यातून कमी केले होते आणि तो रोज होडीवर यायचा. एका सकाळी जाळे ओढून झाल्यावर पुन्हा पंख्याचा विषय निघाला. दोन खलाशांच्या देखत हरेश्वर म्हणाला, “कारखान्यानं हाकललेला मानूस मला दर्या शिकवतोय.” सुकाणूची पाळी जयवंतची होती. शीड चढल्यावर त्याने खाली जाऊन गाठ मारली. खलाशी पुढे जाळे आवरत होते, हरेश्वर त्यांच्याकडे तोंड करून होता. काही वेळाने पाळी बदलली. जयवंतने सुकाणू सोडले, हरेश्वरने धरले. दोघांपैकी कोणीही बोलले नाही, असे दोन्ही खलाशांनी मला वेगवेगळे सांगितले.

तारापूरच्या समोर आल्यावर वारा पडला. भरतीचे पाणी होडीला किनाऱ्यालगतच्या खडपाकडे, पाण्यातल्या खडकांकडे, नेऊ लागले. हरेश्वरने इंजिन चालू केले, गिअर टाकला. इंजिनला धक्का बसून ते बंद पडले. जयवंत ओरडला, “गाठ हाय!” तोवर हरेश्वरने इंजिन पुन्हा चालू करून दुसऱ्यांदा जोर दिला होता. दोरी वाशापासून तुटली आणि दांड्याभोवती आवळत गेली. जयवंत सुरी घेऊन खाली उतरला. तो दोरी कापत असतानाच होडी खडपावर बसली. मागून येणाऱ्या सातपाटीच्या एका होडीने चौघांना उचलले. ‘सागरलक्ष्मी’ पुढच्या भरतीत फुटली.

हरेश्वर नंतर दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. स्वतःच्या होडीवर तांडेल असलेला माणूस गावातल्याच दुसऱ्या तांडेलाचे हुकूम ऐकू लागला. त्याने याबद्दल तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. फक्त कोणाच्या होडीवर शीड दिसले की तो दुसरीकडे बघायचा. जयवंत बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायला गेला, एका ठेकेदाराकडे लागला. गणपतीला तो मुरब्याला यायचा, आरतीला थांबायचा, भाऊ घरात आला की ओटीवर जाऊन बसायचा.

मी दोघांनाही वेगवेगळे विचारले होते. घटनेबद्दल त्यांच्या सांगण्यात फरक नव्हता. हरेश्वर म्हणाला, “गाठ ज्यानं मारली त्यानं सांगायचं. मला काय सपान पडनार होतं?” जयवंत म्हणाला, “घेनाऱ्यानं इचारायचं. इतकी वर्सं इचारत होता ना? त्या दिवशी तोंड कुठं गेलं होतं?” आणि मग, “माझं तोंड त्यानंच बंद केलं होतं.” हरेश्वरला मी एकदा म्हटले, “एक शब्द तू बोल, संपेल.” तो म्हणाला, “बोलेन की. त्यानं येऊन एवढंच म्हनावं, दादा, सांगायचं राहिलं माझं.”

रुग्णालयात शेवटच्या आठवड्यात श्वास पुरेनासा झाला तेव्हा त्याचे बोलणे तुटक झाले होते. मी भेटायला गेलो त्या दुपारी त्याने दोनदा दाराकडे पाहिले. वसंतीने विचारले, “कोन पायजे?” तो म्हणाला, “कोन नाय...” दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला जयवंत आला. विधी आटोपल्यावर तो वसंतीजवळ येऊन उभा राहिला. मी तिथेच होतो. तो म्हणाला, “वयनी, दादाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा दोन दुपारी मी खाली फाटकाशी बसून होतो. वाटलं, वर बोलवाल.”

वसंती म्हणाली, “तू खाली हायस ह्ये आमाला कोन सांगनार होतं?”

तिने पुढे केलेला चहा जयवंतने घेतला नाही, आणि तो बोईसरच्या रिक्षात बसून गेला.