साडूंची संख्या

देवावर, बायकोवर, गेला बाजार पत्त्यांवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण एका संख्येवर जीव ओवाळून टाकणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत एकच, माझे थोरले साडू. संख्याही साधीसुधी नव्हे: तीनशे एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेला हा गृहस्थ ती म्हणताना असा डोळे मिटायचा, की नवख्याला वाटावं गजलच सुरू झाली. "एकदा लिहून तर बघा. ३८१६५४७२९०. शून्य ते नऊ सगळे अंक, अन् प्रत्येक एकदाच! पहिले दोन घ्या, अडतीस, दोननं भाग जातो. पहिले तीन घ्या, तीननं. चार घ्या, चारनं. असं थेट दहापर्यंत. अन् सगळे अंक एकेकदाच वापरून अशी दुसरी संख्या होतच नाही. यकता है, यकता!" वेरूळला कैलास लेण्यासमोर उभं राहूनसुद्धा ते हेच सांगत होते, ऐकणारा गाईड आपलं गिऱ्हाईक सोडून पळाला. माझी मेहुणी, म्हणजे अक्का, कपाळाला हात लावायची. "माझा वाढदिवस विचारा यांना, नाही सांगता यायचा."

लेकीला बघायला देवगाव रंगारीचे पाहुणे आले, तेव्हा संख्येचं नाव काढायचं नाही, अशी अक्कानं साडूंना देवासमोर शपथ घातली होती. शपथ पोहे येईपर्यंत टिकली. मुलगा इंजिनियर आहे हे कळल्याबरोबर साडूंनी खुर्ची पुढं ओढली. "पहिले सात अंक. अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस. सातनं भागा, तोंडी!"

मुलाच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली. "आम्ही सोयरीक करायला आलो का इम्तिहान द्यायला? चल रे, ऊठ!" ते पायताण घालून फाटकापर्यंत गेलेसुद्धा. अक्का रडायच्या बेतात. मुलगा मात्र घामाघूम होऊन बोटं मोडत तिथंच बसलेला. तेवढ्यात दाराआडून लेकीचा आवाज आला, "आधी पस्तीस लाख बाजूला काढा. मग सोपं जातं."

मुलानं दाराकडं पाहिलं, हसला, अन् थोड्या वेळानं म्हणाला, "पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस. बाकी काहीच नाही!" मग फाटकाकडं ओरडला, "आबा, थांबा. मला पसंत हाय!"

"संख्या की मुलगी?" साडूंनी अगदी मनापासून विचारलं.

"दोन्ही," मुलगा म्हणाला. आबासुद्धा हसत मागं फिरले, उरलेले पोहे संपवायला.

लग्न थाटात झालं. पंगतीत साडूंनी आग्रह केला तो जिलबीचा कमी अन् भागाकाराचा जास्त. पण पाठवणीच्या वेळी जीप कोपऱ्यावरून वळली, अन् हा बोलका माणूस फाटकाला धरून नुसता उभा राहिला. पाहुणे पांगले, मांडववाले दोऱ्या सोडायला लागले, तरी हलेना. शेवटी अक्काच जवळ गेली. उपरण्याचं टोक त्यांच्या हातात देत हळूच म्हणाली, "चला आत. ती तुमची संख्या मला एकदा नीट समजावून सांगा."

साडूंनी तिच्याकडं पाहिलं. डोळे पुसले.

"उद्या सांगतो," म्हणाले, अन् तिच्या मागोमाग आत गेले.