उद्यामास्तरांचं शेवटचं बटण

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे उद्यामास्तर म्हणत. "उद्या या" एवढ्या भांडवलावर त्यांनी उभा जन्म दुकान चालवलं. कपडा शिवून झाला तरी एक बटण राखून ठेवायचे. गिऱ्हाईक तो घालून आरशासमोर उभं राहिलं, की मगच ते लावायचं. बटण लागलं म्हणजे काम संपलं!

पुढे कॅन्सरनं गाठलं, औषधांनी हात टेकले, आणि या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा घाई झाली.

"डॉक्टर, एक इंजेक्शन द्या नि मोकळं करा."

"मला तुरुंगात धाडता का मास्तर? कायद्यात बसत नाही, अन् माझ्या मनालाही पटत नाही. दुखू देणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं. नळ्या, मशीन नको असतील तर मात्र दोन साक्षीदारांसमोर तसं लिहून द्या. ते चालतं."

मास्तरांची मुलगी उसळली. "बाबा, मशीननं आणखी चार दिवस मिळतील! सही करणाऱ्याचं तंगडं मोडीन."

तंगडं सांभाळत पहिली सही मी केली. दुसरीसाठी समोरच्या बेकरीवाल्याला बोलावलं, तर तो अडून बसला. स्वतःच्या लग्नासाठी त्यानं कोट शिवायला टाकला होता. आता पोराचंही लग्न उरकलं होतं.

"आधी माझा कोट, मग सही."

"उद्या देतो."

"मग सहीही उद्या!"

मुलगी खुदकन हसली. "या कोटाच्या भरवशावर बाबा शंभरी गाठतात!" तिनंच हौसेनं कापड शोधून दिलं.

पण मास्तर खरंच शिवायला बसले. उशाला टेकून, धापा टाकत. हात थरथरायचे, म्हणून सुई तीच ओवून द्यायची. बघता बघता कोट झाला. एक बटण राहिलं.

बेकरीवाला कोट चढवून पलंगापाशी उभा राहिला. मास्तरांची सुई काही केल्या भोकात जाईना. त्यांनी ती लेकीपुढे धरली.

"तू लाव."

तिचा चेहरा उतरला. "उद्या लावते, बाबा."

"तो धंदा माझा आहे. तू नको शिकूस."

ती हसली, मग रडली, मग डोळे पुसून बटण लावायला बसली. दोरा दातानं तोडला आणि पेन स्वतःच बेकरीवाल्याच्या हातात दिलं.

सही झाली. मग त्यानं कोटाची बटणं लावायला घेतली, तर बटणं आणि काजं यांच्यामध्ये एवढं मोठं पोट!

मास्तरांनी डोळे मिटले, पण ओठ हसत होते.

"सैल करून देतो," ते म्हणाले. "उद्या या."