न जोडलेली भिंत

मांजरी गावच्या विमलाबाई घुल्यांना ओल्या राखेचा वास कधी आवडला नाही. पण भट्टीच्या धुरापेक्षा तो बरा. नवरा होता तोवर घरची वीटभट्टी होती. तिच्यापायी उसाची रानं एकेक करून खणली गेली. मागे खड्डे राहिले. पावसाळ्यात त्यांत हिरवं पाणी साचे, उन्हाळ्यात कुत्री मरून पडत. नवरा गेल्यावर बाईंनी भट्टी विझवली आणि वीजकेंद्राची राख आणून, न भाजता होणाऱ्या करड्या विटा पाडायला घेतल्या. पुण्यात तेव्हा काचेच्या इमारतींतल्या कंपन्या उगवत होत्या आणि प्रत्येकीच्या फलकावर एक हिरवं पान असे.

आता विहिरीजवळचं एकच रान शाबूत होतं. ते सामाईक. धाकटे दीर गेनबा त्याच्या मातीवर डोळा ठेवून होते.

"वहिनी, तुमच्या राखेला कुत्रं इचारत न्हाई. खराडीची आर्डर आली तर ठीक. न्हाईतर दसऱ्याला भट्टी पेटवतो."

"न्हाई आली तर पेटवा," बाईंनी शब्द दिला. ऑर्डर येणार याची त्यांना खात्री होती. खराडीच्या बिल्डरने टेम्पोभर विटा नमुना म्हणून फुकट नेल्या होत्या. पसंत पडल्या तर अख्ख्या इमारतीला त्याच लागणार होत्या.

बरेच दिवस निरोप नाही. मग बोलावणं आलं: परदेशी पाहुणे येणार आहेत, आपण दोन शब्द बोला. बाई ठेवणीतलं इरकल नेसून टेम्पोत बसल्या.

तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत त्यांच्या विटांची भिंत उभी होती. मागून दिवे सोडलेले, पुढे कुंड्या.

"मावशी, ही आपली ग्रीन वॉल," इंजिनिअर वरद म्हणाला. "माती वाचते, धूर नाही, एवढंच सांगायचं. टू मिनिट्स."

"आन् वरचं बांधकाम?"

"चालू आहे ना."

बाई जिना चढल्या. वर गवंड्यांनी पिंपात लाल विटा भिजत घातल्या होत्या. पाणी तांबडं, गढूळ झालं होतं. कुणाचं तरी रान त्यात विरघळत होतं.

त्या खाली आल्या. "माझ्या विटंत खोट निघाली का?"

"छे, टेस्ट एकदम टॉप. पण गवंड्यांना सवय नाही, आणि लाल वीट स्वस्त पडते. नेक्स्ट प्रोजेक्टला नक्की. आपली भिंत मात्र आम्ही सगळीकडे दाखवतो. बाणेरला दाखवली, औंधला दाखवली."

"भिंत फिरवता कशी?"

बाईंनी एक वीट ओढली. ती अलगद हातात आली. मधे सिमेंटचं नाव नव्हतं. पोरांच्या ठोकळ्यांसारखी नुसती रचलेली. भट्टीचा धूर निदान धूर म्हणून तरी निघायचा.

"अहो मावशी, ठेवा ती. पाहुणे पोचतायत."

"त्यास्नी कुंड्या दाखवा." बाईंनी दाराशी जाऊन टेम्पोवाल्या पोपटला हाक मारली. "ये रे, माल भरायचाय."

पाहुणे आले तेव्हा निम्मी भिंत टेम्पोत होती. त्यांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी हसून फोटो काढले. वरद त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलला, तेव्हा ते आणखी हसले.

गावात शिरताच गेनबांनी टेम्पो अडवला. "आली का आर्डर?"

"मालच माघारी आला."

गेनबा मिशीत हसले. बाईंनी टेम्पो विहिरीकडे घ्यायला लावला. रानात माती न्यायला ट्रॅक्टर शिरेल अशी एकच वाट होती; तिच्या तोंडावर विटा उतरवल्या. पोपटने सिमेंट कालवलं. इरकलाचा काठ खोचून बाई खाली बसल्या आणि पहिला थर लावू लागल्या.

"वहिनी, तुम्ही शब्द दिला हुता," मागोमाग आलेले गेनबा म्हणाले.

"दिला हुता," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मोडला."

गेनबा वाटेवर उभेच राहिले. बाईंनी थापी पुन्हा घमेल्यात घातली.