विजराईची ओटी

दप्तराला कसर लागते तसे आमच्या ठाण्याच्या घराला किस्से लागलेले आहेत. एक झटकावा तर खालून चार निघतात. दप्तर माझ्या धाकट्या दिरांचं. वसईला फिरंगी होते तेव्हा आपल्या लोकांचं त्यांच्याशी काय राजकारण चाललं, त्याची मोडीतली जुनी पत्रं भावोजी गावोगाव हिंडून जमवीत आणि सागवानी पेटीत ठेवीत. किल्ली जानव्याला.

ती किल्ली मला हवी होती. एकदा मागितली, तर म्हणाले, "वहिनी, बायका पत्रं वाचायला लागल्या तर आमटी करपेल."

"दोन वर्षं वाचतेय. करपली का कधी?"

पत्रांना ऊन दाखवायला अंगणात माझ्या पापडांशेजारी पसरीत आणि राखायला मलाच बसवीत. पापड राखता राखता मी मोडी शिकले, कुणाच्या बापाचे उपकार नाहीत.

•

कल्याणच्या एका गृहस्थांनी एक पत्र दिलं. 'गाय व्याली. कालवड जाहली. खाडीपलीकडे कळवावे.' भावोजींनी महिनाभर खपून टिपण लिहिलं: व्याली म्हणजे तह झाला, खाडीपलीकडे म्हणजे फिरंगी.

मी म्हटलं, "भावोजी, गायच व्याली असेल."

"तुम्हाला राजकारण कळत नाही."

ते गृहस्थ जेवायला आले तेव्हा भावोजींनी टिपण वाचून दाखवलं. पाहुणे म्हणाले, "उत्तम. फक्त कपिलेचं नाव राहिलं. आजोबांची फार लाडकी हो."

•

मग आली विजराई. एका पत्रात होतं, 'विजराईस वस्त्रे पाठविली. संतोष जाहला.' भावोजींनी ठरवलं, ही देवी, आणि फिरंग्यांनी तिचं देऊळ पाडलं. बाळकुम, कोलशेत पालथं घातलं. दिसेल त्याला एकच प्रश्न, "विजराई कुठेशी?" मुंबईच्या सभेत निबंध वाचायचा होता ना!

मी आमच्या मासळीवाल्या रोझाला विचारलं. ती वसईकडची, किरिस्तांव. टोपली टेकून हसायलाच लागली. "बाय नाय गो, बाप्या हाय तो. गोंयचा लाटसाहेब, विजरय!"

"भावोजी, सभेत हसतील तुम्हाला."

"कोळिणीचा पुरावा?"

"मग पेटी उघडा. दोघं मिळून वाचू."

तिसऱ्याच पत्रात सापडलं, 'विजरई यांची दाढी पिकली आहे.'

भावोजींनी निबंध मिटला. जानव्याची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. "वहिनी, कुठे बोलू नका."

•

मी कुठे बोलले नाही. पण चैत्रात कोलशेतची चार माणसं गुलाल लावून दारात उभी.

"तात्यानू, तुमी इचारीत होते ती इजराई घावली. बांधाखाली शिला निंगाली. नवसाला पावते. पयली वटी तुमच्या घरची."

भावोजी माझ्याकडे बघेनात. मी किल्ली कमरेला खोचली, खण-नारळ घेतला आणि कोलशेतकरांच्या गाडीत जाऊन बसले. भावोजींनाही बसावं लागलं.

शिळेला हिरवं लुगडं, नाकात नथ. बायका वाट देत मागे सरल्या. मी ओटी भरली आणि कुंकवाचं बोट पुढे केलं, तेवढ्यात भावोजी कानाशी पुटपुटले,

"वहिनी, जपून. दाढीला लागेल."